निर्यातीच्या ऑर्डरसाठी घेतलेलं कामगार प्रशिक्षण : पाच महिन्यांनंतरचा अनुभव

आमची पहिली निर्यात ऑर्डर सॅम्पलवर मिळाली आणि पहिल्याच लॉटवर अडकली. त्यानंतर आम्ही कामगार प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेकडे गेलो. सहा आठवड्यांत बारा सत्रं झाली, दोन प्रशिक्षक आमच्याच शॉपमध्ये (कारखान्यात) येऊन शिकवायचे. त्याला आता पाच महिने झाले. मी क्वालिटी बघते, त्यामुळे कोण काय शिकलं ते मला रोज समोरच्या नगावर दिसतं. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही. पण अशी सेवा घेताना काय मागून घ्यावं, हे दुसऱ्या कोणाला आधी कळलं तर बरं.

आधी लॉट का परत आला ते सांगते. स्टीलचा बुश (नळीसारखा पोकळ भाग), बाहेरचा व्यास ५० मिमी, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण १६ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सॅम्पल आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरने केलं होतं. त्यांचा हात असा बसलेला की ग्राहकाने एकही शेरा मारला नाही. लॉट मात्र तीन पाळ्यांत निघाला. दिवसपाळीचे नग टेबलावर गार व्हायचे आणि मग माझ्याकडे यायचे. रात्रपाळीत आकडा गाठायचा असल्याने नग चकमधून (मशीनवर नग धरणाऱ्या पकडीतून) काढला की लगेच मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) लावायचे. नग हाताला चांगला गरम लागत असताना माप बरोबर यायचं आणि पेटीत जाईपर्यंत तो लहान झालेला असायचा. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे ५० मिमीचा नग २० अंशांनी गरम असेल तर सुमारे साडेअकरा मायक्रॉनचा फरक पडतो, आणि आमच्या हातात होते सगळे मिळून १६. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात, हे शॉपमध्ये दोघातिघांनाच माहीत होतं. ते दोघंतिघं दिवसपाळीत होते.

जवळच्या ग्राहकाकडे असं झालं असतं तर फोन आला असता, आमचा माणूस जाऊन नग निवडून आला असता आणि संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. इथे माल जहाजाने जाऊन उतरलेला. तिकडच्या लोकांनी एकेक नग मोजला आणि त्याचा खर्च आमच्यावर लागला. तोवर त्याच पद्धतीने केलेला दुसरा लॉट वाटेत होता. निर्यात सुरू झाली की प्रशिक्षणाची गरज अचानक का भासते, हे मला त्या आठवड्यात कळलं. सॅम्पल एका माणसाच्या हातावर पास होतं, लॉटला सगळ्यांचे हात लागतात.

पहिल्या सत्रात सरांनी इजिप्तमधल्या गालिचे विणणाऱ्या छोट्या कारखान्यांवरचा प्रयोग सांगितला. ॲटकिन, खंडेलवाल आणि ओस्मान या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. फुवा गावातल्या काही कारखान्यांना परदेशी ग्राहकांसाठी माल करण्याची संधी दिली, आणि ती कोणाला मिळणार हे सोडतीसारखं ठरवलं. संधी मिळालेल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. मला त्यातला दुसरा भाग जास्त पटला. नंतर सगळ्यांना एकाच ठिकाणी, एकाच मागावर, एकाच सुतातून सारखाच गालिचा विणायला सांगितला, तेव्हा निर्यात केलेल्यांचा गालिचा सरस निघाला आणि त्यांना वेळही जास्त लागला नाही. ग्राहकाकडून ज्या गोष्टींबद्दल बोलणं झालं होतं, त्याच गोष्टी सर्वात जास्त सुधारल्या होत्या. ‘चांगले कारखाने आधीपासूनच चांगले असतात, म्हणून निर्यात करतात’ असं आमचे मालक नेहमी म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. पण निर्यात करता करता हातही शिकतात, एवढं या प्रयोगाने दाखवलं. त्या दिवसापासून ग्राहकाचा प्रत्येक शेरा मराठीत लिहून मशीनशेजारी लावायचा, असं मी ठरवलं. आधी ते ई-मेल माझ्याच कॉम्प्युटरमध्ये पडून असायचे.

मापनाच्या सत्रांना पैकीच्या पैकी गुण. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा मोजायचा, आधीचा आकडा बघायचा नाही. मोजण्याच्या पद्धतीवर किती भरवसा ठेवता येईल ते बघणारा, गेज आर अँड आर नावाचा हा नेहमीचा अभ्यास आहे. मोजमापातूनच येणारा फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ती पद्धत चालत नाही. आमचा ३० च्या वर गेला. खोलीत कोणी बोलेना. सरांनी कोणाला दोष दिला नाही. ते आमच्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दादा, परत एकदा मोजा, मी फक्त तुमची बोटं बघतो.” दादा रॅचेट (ठरावीक जोरापुढे टिकटिक करत सुटणारी मायक्रोमीटरच्या टोकाची कळ) न वापरता थिंबलच (फिरवायची नळी) पिळत होते, इतक्या वर्षांच्या अंदाजाने. त्यांचा अंदाज पक्का होता, म्हणून त्यांची तिन्ही मापं जवळजवळ सारखी यायची. पण त्यांचं बघून शिकलेली दोन पोरं तसंच पिळायची आणि प्रत्येकाचा जोर वेगळा. रॅचेटचे तीन टिकटिक आवाज ऐकायचे आणि मगच आकडा वाचायचा, एवढंच ठरलं. महिन्याने तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा फरक २० च्या खाली आला होता. दादा आता नवीन पोरांना स्वतः सांगतात, “आवाज ऐकू दे मला.”

शिकवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांसाठी बसवलेली चार पायऱ्यांची होती: माणसाला तयार करायचं, काम दाखवायचं, त्याच्याकडून करवून घ्यायचं, मग मागे राहून बघत राहायचं. कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असं तिचं मूळ तत्त्व. संस्थेने पहिल्या तीन पायऱ्या मनापासून केल्या. चौथीत पाट्या टाकल्या. तिसाव्या दिवशी प्रत्यक्ष येऊन बघण्याचं ठरलं होतं, त्याऐवजी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. बोटं व्हिडिओवर दिसत नाहीत.

ड्रॉइंगचं सत्र छोटं, पण कामाचं. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या ड्रॉइंग काढण्याच्या दोन पद्धतींमध्ये बाजूचं दृश्य कागदावर उलट्या बाजूला येतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघायचं, ही सवय लागली. युरोपातल्या बऱ्याच ड्रॉइंगवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, हेही त्या दिवशी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिलं. ऑडिटच्या भाषेवरची दोन सत्रं मात्र नसती तरी चाललं असतं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार रात्रपाळीची आहे. लॉट बिघडला तो रात्रपाळीत, हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. तरी प्रशिक्षक रात्री यायला तयार झाले नाहीत. रात्रपाळीच्या लोकांना सकाळी थांबवून बसवलं. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला सकाळी मायक्रोमीटर शिकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शेवटी आमच्या दादांनी आठवडाभर रात्रपाळी मागून घेतली आणि तिथे जाऊन शिकवलं. ते काम खरं तर संस्थेचं होतं.

दुसरी तक्रार परीक्षेची. शेवटी पर्यायी प्रश्नांची लेखी चाचणी होती. आमचा एक हेल्पर सावकाश वाचतो, तो नापास झाला. गेज लावण्यात आणि बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढण्यात त्याच्याएवढी सफाई दुसऱ्या कोणाची नाही. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत माणूस कामाला सक्षम असणं आणि प्रशिक्षणाचा परिणाम झाला का हे तपासणं, दोन्ही अपेक्षित आहे. त्यासाठी नग हातात देऊन बघितलं असतं तर जास्त खरं उत्तर मिळालं असतं. मी त्याची चाचणी मशीनवर पुन्हा घेतली आणि स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कोणतं काम किती येतं त्याच्या तक्त्यात) त्याचा चौकोन पूर्ण भरला.

पॅकिंगच्या बायकांना तर बोलावलंच नव्हतं. गंज लागून येणारा माल पॅकिंगमध्येच बिघडतो. उघड्या हाताने धरलेल्या नगावर घामाचा ठसा राहतो आणि कंटेनरच्या दमट हवेत काही आठवड्यांनी बोटांच्या रेघांसकट गंज उमटतो. हातमोजे, गंजरोधक कागद, ओल शोषणाऱ्या पुड्या, लाकडातली कीड मरावी म्हणून पेटीला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिल्याचा शिक्का आहे का ते बघणं, हे सगळं मी स्वतः शिकवलं. त्या पहिल्या दिवशी एका मावशींनी विचारलं, “आम्हाला हे आधी का नाही सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘शिकवलं की सोडून जातात’ ही भीती आमच्याकडेही होती, आणि एक ऑपरेटर गेलाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं की काही कौशल्यं कुठेही चालतात आणि काही फक्त त्याच कारखान्यात. मापन पहिल्या प्रकारातलं, म्हणून त्याची किंमत बाहेरही मिळते. मला वाटतं, मग ती आपणच द्यावी. मी मॅट्रिक्स पगारवाढीशी जोडायचा आग्रह धरला आणि मालकांनी तो मान्य केला. त्यानंतर कोणी गेलेलं नाही.

पुढच्या महिन्यात नवीन भरतीसाठी याच संस्थेला पुन्हा बोलावलं आहे, मापन आणि ड्रॉइंग एवढ्याच सत्रांसाठी. करारात तीन ओळी घातल्या आहेत: एक तुकडी रात्रपाळीच्या वेळेतच होईल, चाचणी मशीनवर होईल, आणि तिसाव्या दिवशी प्रशिक्षक शॉपवर उभे असतील. पहिल्या ओळीवर त्यांनी दोन दिवस मागितले, मग सही केली.