लिग्नोकेन ०.५ टक्के: स्तनाच्या गाठीभोवती द्यायच्या इंजेक्शनचं परीक्षण

दात काढताना किंवा टाके घालताना जागा बधिर करायला जे इंजेक्शन देतात, तेच हे लिग्नोकेन. नवं काहीच नाही. पेटंट नाही, शीतपेटी लागत नाही, तालुक्याच्या औषध दुकानातही कुपी मिळते आणि एका रुग्णाचा खर्च शंभर रुपयांच्या आत राहतो. इथे परीक्षण करायचं आहे ते त्याच्या एका वेगळ्या वापराचं: स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, पहिला छेद घेण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी, गाठीच्या चहूबाजूंनी ते सोडणं. इथे हेतू वेदना कमी करण्याचा नाही, बाई तर पूर्ण भुलीखाली असते. गाठ हाताळली जाते त्या काळात कर्करोगाच्या पेशी निसटून दूर जाऊन रुजू नयेत, हा हेतू.

या वापरामागचा पुरावा परळच्या टाटा मेमोरियलमधून आला. तिथले शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत २०११ ते २०२२ या काळात १,६०० स्त्रियांवर ही चाचणी घेतली. चिठ्ठी पद्धतीने निम्म्या जणींना इंजेक्शन मिळालं, निम्म्यांना नाही. बाकी उपचार नेहमीचेच. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्या गटात ८६.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ८२.६ टक्के निघालं. एकूण हयात असणाऱ्यांचं ९०.१ आणि ८६.४. साध्या हिशेबात, सुमारे २७ जणींना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांत एक मृत्यू टळतो. दूरच्या अवयवांत आजार उलटण्याचं प्रमाण ११.६ वरून ८.५ टक्क्यांवर आलं, त्याच जागी किंवा काखेत उलटण्याचं ४.५ वरून ३.४ वर. इंजेक्शनमुळे अपाय झाल्याची एकही नोंद नाही. २०२२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले आणि २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आले.

आता कुपीकडे. बाजारात सहज मिळतं ते २ टक्क्यांचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. आपल्याला हवं ०.५ टक्के, म्हणजे ५ मिलिग्रॅम. एक भाग औषध आणि तीन भाग नॉर्मल सलाईन: १५ मिलिलिटर औषधात ४५ मिलिलिटर सलाईन घातलं की ६० मिलिलिटर तयार. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकाच कंपनीच्या कुप्या सारख्या दिसतात. ॲड्रेनलिन मिसळलेली कुपी या कामाला घ्यायची नाही, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि चाचणीत वापरलेलं औषध ते नव्हे. पाठीच्या भुलीसाठीचं ५ टक्क्यांचं 'हेवी' तर कपाटात शेजारीसुद्धा नको. बुपिव्हाकेन हेही जागा बधिर करणारंच औषध असलं तरी हृदयाला जास्त घातक आहे आणि लिग्नोकेनच्या जागी चालत नाही. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव आणि टक्केवारी लिहिलेली असलीच पाहिजे.

मात्रा वजनावर ठरते. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, आणि एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर नाही. ४५ किलोच्या बाईला २०२ मिलिग्रॅम, म्हणजे तयार द्रावणाचे ४० मिलिलिटर. ६० किलोला ५४ मिलिलिटर. वजन ७० च्या पुढे गेलं तरी ६० मिलिलिटरवर थांबायचं. आपल्याकडे ४०-४५ किलोच्या रुग्ण पुष्कळ असतात आणि 'नेहमीचे साठ' त्यांना सरसकट देणं ही धोक्याची सवय आहे. यकृताचा आजार असेल तर औषध शरीरातून हळू जातं. हृदयातल्या विद्युत संदेशांच्या वहनात अडथळा असेल किंवा ठोक्यांच्या अनियमितपणावर गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञाशी आधी बोलल्याशिवाय सुई उचलू नये.

टोचण्याची रीत सांगायला सोपी, पण करताना घाई होते. भूल दिल्यावर गाठ चाचपून तिच्या कडा पेनने आखून घ्यायच्या. द्रव गेला की भोवतालचा भाग फुगतो, मग कडा हाताला नीट लागत नाहीत. नंतर सहा बाजू: वर, खाली, आतली बाजू, बाहेरची बाजू, कातडी आणि गाठ यांच्या मधली जागा, आणि गाठीच्या मागे छातीच्या स्नायूच्या पुढची जागा. ४० मिलिलिटर असतील तर प्रत्येक बाजूला साधारण साडेसहा. सुई गाठीत शिरता कामा नये. औषध गाठीभोवती हवं. प्रत्येक वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं आणि मगच सोडायचं. बहुतेक वेळा सुटते ती मागची बाजू, कारण आखूड सुई तिथे पोचतच नाही. मोठ्या स्तनात लांब, बारीक सुई लागते. हाताला न लागणारी गाठ असेल तर सोनोग्राफीच्या मदतीशिवाय हे अंदाजाने करण्यात अर्थ नाही.

आणि मग थांबायचं. सात मिनिटं ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, फार लांब वाटतात. म्हणून त्या जागेची त्वचा साफ करून आधी टोचावं आणि जंतुनाशकाचं पूर्ण पेंटिंग, कापड लावणं, कॉटरी (रक्त थांबवणारं विजेचं उपकरण) जोडणं ही कामं त्या वेळात करावीत. वेळ वाया जात नाही. टोचून लगेच छेद घेतला तर औषधाला पेशींवर काम करायला अवधीच मिळत नाही. लिग्नोकेन पेशींच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करतं. कर्करोगाच्या पेशींतही हे मार्ग असतात आणि पेशीच्या हालचालीशी, आजूबाजूला घुसण्याशी त्यांचा संबंध आहे. हे मार्ग गाठ हलवण्याआधी बंद व्हायला हवेत.

भूलतज्ज्ञाला वेळ आणि मात्रा मोठ्याने सांगणं हा या प्रक्रियेचाच भाग. जागी असलेली बाई ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज येतो असं सांगते; भुलीखाली ती काही सांगू शकत नाही. मग पहिलं लक्षण थेट मॉनिटरवर दिसतं, रक्तदाब घसरतो किंवा ठोके बिघडतात. अशा विषबाधेवर उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) ओटीत हाताशी हवं. दुखणं कमी व्हावं म्हणून छातीचा नर्व्ह ब्लॉकही (चेता बधिर करणारं इंजेक्शन) देणार असतील तर दोन्ही औषधांचा भार एकत्र मोजायचा.

ब्लॉक देतोच आहोत, मग हे वेगळं कशाला, असा प्रश्न हमखास येतो. २०१९ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २,१०८ स्त्रियांची चाचणी आहे: एका गटाला पाठीतून पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक (मणक्याशेजारच्या चेता बधिर करणं) आणि शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध, दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूने पूर्ण भूल. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे १० टक्के. चेता बधिर करून जे साधलं नाही, ते गाठीभोवती औषध सोडून साधलं. म्हणून ब्लॉक हा याला पर्याय धरता येत नाही.

या वापराचं मोल कळायला बडव्यांच्या संशोधनाचा आधीचा प्रवास बघावा लागतो. १९९१ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या २४९ स्त्रियांच्या नोंदींवरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दाखवलं की पाळीच्या चक्रात शस्त्रक्रिया कधी झाली यावर दहा वर्षांचं जगणं बदललेलं दिसतं. जुन्या नोंदींवरचा तो निष्कर्ष वादात सापडला. मग मुंबईत प्रत्यक्ष चाचणी झाली: शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन. २०११ मध्ये आलेला निकाल एकूण गटात ठोस फरक दाखवत नव्हता. काखेतल्या ग्रंथींत आजार पोचलेल्या ४७१ जणींत मात्र पाच वर्षांनी आजारमुक्त जगणं ५४.७ वरून ६५.३ टक्के झालं. २०१५ मध्ये तिसरा निकाल. आजार आधीच शरीरभर पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही: गाठ काढलेल्यांत १९.२ महिने, न काढलेल्यांत २०.५. एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं छापणं ही मोठी गोष्ट आहे. तीस वर्षं प्रश्न एकच होता: शस्त्रक्रियेच्या आगेमागे रोगाचं काय होतं? लिग्नोकेन हे त्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ उत्तर.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. दुसऱ्या गटाला नुसत्या सलाईनचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काय मिळालं हे शल्यविशारदाला माहीत होतं, आणि फरक औषधाचा की गाठीभोवती द्रव भरण्याचा, हा आक्षेप उरतो. चाचणीत फक्त थेट शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रिया होत्या. आधी केमो घेऊन मग शस्त्रक्रिया होणाऱ्यांना हेच आकडे लावता येत नाहीत. आणि हे इंजेक्शन घेतलं म्हणून केमो, रेडिएशन किंवा हार्मोनच्या गोळ्या यांतलं काहीही कमी होत नाही.

तरीही थेट शस्त्रक्रिया ठरलेल्या बाईसाठी हे न देण्याचं कारण सापडत नाही. रुग्णाने किंवा घरच्यांनी विचारायचं ते शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्या भेटीत, ओटीच्या दारात नव्हे: "गाठीभोवती लिग्नोकेन देणार का, माझ्या वजनाला किती, आणि छेदाआधी किती मिनिटं?" भुलीच्या औषधाची पूर्वी कधी रिॲक्शन आली असेल तर तेही तेव्हाच सांगावं. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मात्रा, टोचल्याची वेळ आणि छेदाची वेळ या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.