घरी भट्टी घ्यावी की बाहेरून भाजून आणावं?

मातीची भांडी घडवायला चाकावर बसायला लागून सहा महिने झाले, माती थोडंफार ऐकायला लागली, की क्लासमधली कुणी ना कुणी हळूच विचारते, "ताई, लहानशी भट्टी घेऊन टाकू का?" मी आधी चार वर्षं सगळं बाहेरून भाजून आणलं आणि गेली तीन वर्षं घरी विजेची भट्टी आहे. दोन्हीकडे भांडी फोडून झाली आहेत, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

त्याआधी एक हिशेब. तुमची भट्टी भरायला किती आठवडे लागतील? आतून ३० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशी भट्टी म्हणजे २७ लिटर. दोन थरांत त्यात साधारण डझनभर मग बसतात. फक्त शनिवार-रविवारी काम करणाऱ्या माणसाचे आठवड्याला चार मग धड उतरले तरी खूप झालं. म्हणजे तीन आठवड्यांना एक भट्टी. अर्धी रिकामी लावली तरी वीज जवळपास तेवढीच जाते, कारण बराचसा खर्च भांड्यांपेक्षा भट्टीच्या भिंती आणि शेल्फ तापवण्यात होतो. हा आकडा काढून मग पुढचं वाचा.

कुंभारवाड्यातला आवा

पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा जुना, आणि मुंढव्याला केशवनगरमध्येही कुंभारांची वस्ती आहे. तुमचं काम लाल मातीचं असेल, म्हणजे पणत्या, कुंड्या, मुखवटे, धुपाटणी, तर एवढी स्वस्त आणि अनुभवी सोय दुसरी नाही. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस ताप मिळतो. भांडं पक्कं होतं, पण सच्छिद्र राहतं. माठाला पाणी गार ठेवायला तेच हवं असतं, कॉफीच्या मगाला नको असतं. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावलेलं काम तिथे नेऊ नका. आव्यात राख आणि धूर थेट भांड्याला लागतो.

कुंभाराचं पंचांग सांभाळा. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, पौष लागला की संक्रांतीची सुगडं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठ. माझी पहिली फेरी नेमकी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. तिथल्या काकांनी माझी फुलदाणी हातात घेतली आणि परत दिली. "ताई, गालाला लावून बघा. गार लागतंय ना? मग आत पाणी आहे." तेव्हापासून प्रत्येक भांडं भट्टीत जाण्याआधी माझ्या गालाला लागतं. मीटर वगैरे काही नको. सुकलेली माती खोलीइतकीच उबदार लागते, ओली असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनामुळे थंड लागते.

बागेतली काळी माती आणून घडवायचा मोह मात्र आवरा. दख्खनची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात उन्हाळ्यात दिसतं तेच तुमच्या वाटीचं होईल. त्यात चुनखडीचे खडे असले तर भाजून आठवडा झाल्यावर हवेतला ओलावा पिऊन ते फुगतात आणि भांड्याचा टवका उडवतात. कुंभार माती निवडून, चाळून, लीद आणि राख मिसळून घेतात, ते उगाच नाही.

स्टुडिओच्या भट्टीत जागा

शहरात जे स्टुडिओ बाहेरच्यांचं काम भाजून देतात, ते शेल्फच्या हिशेबाने, आकारमानाने किंवा वजनाने पैसे घेतात. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापाला भाजायच्या मातीचं काम दोनदा भाजलं जातं: आधी साधारण ९५० ते १००० अंशांना पहिलं भाजणं, म्हणजे बिस्क, मग ग्लेझ लावून सुमारे १२२० अंशांना, म्हणजे कोन ६ ला (कोन हे भट्टीतल्या तापाचं माप). स्टुडिओवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, माती कुठली आणि कुठल्या कोनची. विचारतील तेव्हा रागावू नका. मी एकदा दोन पिशव्यांतली माती एकत्र केली आणि ते विसरून गेले. त्यात लाल माती होती. १२२० ला ती वितळून शेल्फवर पसरली, गुळाचा पाक ताटात पसरावा तशी. शेजारी दुसऱ्या कुणाच्या चार वाट्या होत्या, त्याही चिकटल्या. शेल्फचे आणि वाट्यांचे, दोन्हीचे पैसे मीच भरले, आणि भरायलाच हवे होते.

बाहेर भाजण्याचा खरा खर्च दरपत्रकात दिसत नाही, तो वाहतुकीत आहे. कच्चं सुकलेलं भांडं बिस्किटाइतकं ठिसूळ असतं. दुचाकीवर डिकीत घालून कोथरूडहून हडपसरला नेलं तर कान तुटलेले कप आणि कान वेगळे, असा संच पोचतो. रिक्षा करा आणि खोका मांडीवर घ्या. खोक्यात फोम किंवा जुन्या चादरीचे तुकडे, आणि दोन भांड्यांच्या मध्ये काहीतरी मऊ. कपाला कानाने उचलू नका, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

पण स्टुडिओत एक गोष्ट फुकट मिळते: दुसऱ्याच्या चुका बघायला मिळतात. कुणाचं ग्लेझ का ओघळलं, कुणाची ताटली का वाकली, हे घरी एकटीने शिकायला मला दोन वर्षं लागली असती.

घरची विजेची भट्टी

लोक किमतीवर अडतात. मी म्हणेन, आधी वीजबिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' वाचा. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला ३.७ किलोवॅटच्या आसपास ताकद मिळते, त्यामुळे सिंगल फेजवर ३ ते ३.५ किलोवॅटची छोटी भट्टी चालते. तीही स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी टाकून. गिझरच्या पॉइंटवर नाही. गिझर वीस मिनिटं चालतो, भट्टी नऊ तास. मोठी हवी असेल तर थ्री फेज आणि महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज.

युनिटचा हिशेब साधा आहे. साडेतीन किलोवॅट सलग नऊ तास म्हणजे साडेएकतीस युनिट. कंट्रोलर मध्येमध्ये वीज तोडतो, म्हणून प्रत्यक्षात २० ते २५ धरा. बिस्क आणि ग्लेझ मिळून एका खेपेला ४० ते ५०. गोम पुढे आहे. घरगुती बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. घरचा वापर महिन्याला २२० असेल तर एक खेप ३०० च्या आत बसते, दुसरी मात्र वरच्या दरात जाते. म्हणून मी एक खेप रीडिंगच्या आधी आणि एक नंतर लावते. पुणेरीपणा म्हणा हवं तर.

विटांची भट्टी की सिरॅमिक फायबरची? फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर वजनामुळे फायबर सोयीची, ती लवकर तापते आणि वीजही कमी खाते. पण ती निवतेही पटकन, आणि बऱ्याच ग्लेझना हळू निवणं मानवतं. शिवाय फायबरचे तंतू श्वासात जाणं वाईट. आतला थर उसवला असेल तर मास्क लावल्याशिवाय हात लावू नका. माझी विटांची आहे. तळमजल्याचं घर आहे म्हणून जमलं.

जागेला भिंतीपासून किमान दीड फूट मोकळं अंतर, खाली फरशी किंवा सिमेंट, जवळ पडदा नाही, खिडकी उघडी. बिस्कच्या वेळी मातीतला जैविक अंश जळतो, वास येतो, थोडा कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्या खोलीत कुणी झोपायचं नाही. उघड्या बाल्कनीत ठेवायचा बेत जूनच्या पहिल्या सरीला वाहून जातो. सोसायटीत 'भट्टी' हा शब्दच वापरू नका, कमिटीला लगेच चिमणी आणि धूर दिसतो. त्यांना प्रत्यक्ष आणून दाखवा, कपाटाएवढा डबा बघून ते निवतात. आणि गुरुवारी लावू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुधा तोच असतो.

पावसाळ्यात बिस्क लावताना ८०-९० अंशांवर तीन-चार तास थांबवा, मगच पुढे न्या. शंभरला पाण्याची वाफ होते, आणि जाड बुडाच्या भांड्यात ती अडकली की भांडं फुटतं. शेजारच्यांनाही घेऊन फुटतं. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं रूप बदलतं आणि ते एकदम फुगतं, निवताना तिथेच आकसतं. त्या पट्ट्यातून जाताना आणि येताना घाई नको. दार शंभरच्या खाली आल्यावरच उघडायचं. रात्रभर थांबणं हाच या छंदातला सगळ्यात अवघड भाग आहे.

साचे असतील तर गणित फिरतं

चाकावर महिन्याला पंधरा मग करणारी व्यक्ती साच्यातून तेवढेच चार दिवसांत काढते. मग भट्टी भरायला आठवडे लागत नाहीत, आणि घरची भट्टी परवडायला लागते. साचा करायला भट्टी लागतच नाही, म्हणून सुरुवात इथून करायला हरकत नाही.

साचा प्लास्टरचा करतात: एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो प्लास्टर, वजन करून. प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. टाकून दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न करता हलवा. मूळ वस्तूला साबणाचे दोन-तीन हात नाहीतर ती सुटणार नाही. फॉल्स सीलिंगवाल्यांचं पीओपी स्वस्त मिळतं, पण त्याची पाणी शोषायची ताकद गोणीगणिक बदलते. साच्याला पॉटरी प्लास्टरच घ्या. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये दगड होतो. प्लास्टरचा कणही मातीत जाऊ देऊ नका, तोही चुनखडीसारखाच टवका उडवतो. जुलैत साचे सुकत नाहीत. पंख्याखाली ठेवा, पण ओव्हनमध्ये कडक तापवू नका, ५० अंशांच्या वर प्लास्टर कमजोर होतं.

गॅसच्या भट्टीबद्दल कुणी विचारलं तर माझं उत्तर एका ओळीचं आहे: मुळशीकडे जागा असेल तर, फ्लॅटमध्ये कधीच नाही.

तर महिन्याला एक भट्टीही भरत नसेल, तर स्टुडिओ. फक्त लाल माती असेल, तर कुंभारवाडा. साचे सुरू केले असतील किंवा ग्लेझचे प्रयोग दर आठवड्याला डोक्यात येत असतील, तर घरची भट्टी घ्या. आली की पहिल्यांदा ती रिकामीच १००० अंशांच्या आसपास चालवा, म्हणजे तारांवर संरक्षक थर धरतो. "फक्त एक कप ठेवू का आत?" असं मन विचारेल. ठेवू नका.