कोथरूडमधील एक फिजिओथेरपी केंद्र : मशीनपेक्षा थेरपिस्टचा वेळ मोलाचा

सासूबाईंच्या जुनाट कंबरदुखीसाठी आम्ही कोथरूडमधील एका लहान फिजिओथेरपी केंद्रात उपचार घेतले. ते केंद्र मी इतरांनाही निःसंकोच सुचवेन. मात्र आराम पडला त्याचे श्रेय काउंटरवर ज्या गोष्टीला दिले जाते, तिला ते पूर्णपणे द्यावे असे मला वाटत नाही.

प्रत्येक सिटिंगची सुरुवात आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी), म्हणजे वेदना कमी करण्यासाठी त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या मशीनने होते. ओल्या स्पंजचे चार पॅड कंबरेवर पट्ट्याने बांधतात आणि मुंग्या जाणवू लागेपर्यंत करंट हळूहळू वाढवतात. पॅकेजही या मशीनच्याच नावाने विकले जाते. याच उपचारावर कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट कंबरदुखीच्या ११७ रुग्णांचे चार गट केले होते. दोन गटांना खरा करंट दिला, तर दोन गटांना पॅड लावूनही करंट दिलाच नाही. शिवाय, दोन्ही प्रकारांतील एकेका गटाशी थेरपिस्ट जुजबी बोलून पाच मिनिटांत निघून गेली आणि उरलेल्या गटांजवळ ती पूर्ण वेळ थांबून त्यांचे दुखणे नीट ऐकून घेत राहिली. खरा करंट आणि संवाद असे दोन्ही मिळालेल्यांना सर्वाधिक आराम पडला. परंतु करंट नसताना केवळ संवाद लाभलेल्या गटाच्या वेदना, खरा करंट घेऊन एकटे पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरीने थोड्या अधिकच कमी झाल्या.

यावरून दुखणे खोटे होते किंवा आराम हा निव्वळ भास होता, असा अर्थ कोणी काढू नये. दाढ काढलेल्या रुग्णांवर १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या अभ्यासात, प्लॅसिबोने, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या पण प्रत्यक्षात औषध नसलेल्या गोष्टीने, बरे वाटलेल्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावर त्यांचे दुखणे पुन्हा वाढले होते. म्हणजेच विश्वासामुळे शरीर स्वतःची वेदनाशामके खरोखरच वापरात आणते.

या केंद्रातील मुख्य थेरपिस्टकडे ही बाजू उत्तम सांभाळली जाते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे पूर्वी कुठेतरी ऐकल्यापासून सासूबाईंनी वाकणेच सोडले होते, कारण अशा शब्दांनीही दुखणे वाढते. थेरपिस्टने एमआरआयचा रिपोर्ट वाचला आणि त्या म्हणाल्या, “काकू, कंबर कधीच न दुखलेल्या पन्नाशीच्या शंभर माणसांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या साधारण ऐंशी जणांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची अशी झीज दिसते.” मग त्यांनी जमिनीवरची तांदळाची पिशवी सासूबाईंना गुडघ्यांत वाकून उचलायला लावली, स्वतःचा हात त्यांच्या पाठीशी नुसता धरून ठेवला आणि दुसऱ्या खेपेला तोही काढून घेतला. घरी परतल्यावर सासूबाईंनी कणकेचा डबा कोणाला न सांगता खालच्या फळीवरून काढला. माझ्या दृष्टीने खरा उपचार हाच होता. प्लॅसिबोने वेदना उतरते, पण स्नायू बळकट होत नाहीत. त्यामुळे मिळालेला आराम व्यायामासाठी वापरण्याचा थेरपिस्टचा आग्रह मला अत्यंत योग्य वाटतो.

तक्रार संध्याकाळच्या सेवेबद्दल आहे. गर्दीमुळे त्या वेळी सहायक पॅड बांधून निघून जातो, टायमर वाजेपर्यंत कोणी फिरकत नाही आणि फी मात्र तेवढीच घेतली जाते. अल्बर्टातील प्रयोगाकडे पाहता, संध्याकाळी उपचारातील मोठा भाग गाळूनच रुग्णाला घरी पाठवले जाते. काउंटरवर ‘करंटने झीज भरून येते’ असेही सांगितले गेले, ते धादांत चुकीचे आहे. रुग्णाचा विश्वास मिळवण्यासाठी असत्य सांगण्याची काहीही गरज नसते आणि असे सांगणे केंद्राने तातडीने थांबवावे.

जाणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी, व्यायाम थेरपिस्ट स्वतः करून घेणार का हे आधी विचारावे आणि पॅकेजऐवजी प्रत्येक सिटिंगचे पैसे द्यावेत. पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मात्र येथे न थांबता थेट रुग्णालय गाठावे.