जुनं आरोग्याचं पोस्टर: चोर बाजारातलं ओरिजिनल की डाउनलोड करून प्रिंट?

ताईने लालबागला दवाखाना काढला, बाकड्यांच्या वरची भिंत रिकामी होती, तिथे ‘हात धुवा, शिंकताना रुमाल धरा’ टाइपचं जुनं पोस्टर पाहिजे म्हणाली आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. माझे दोन्ही प्रकार करून झालेत, त्यामुळे तुम्ही त्याच फेऱ्यात असाल तर वाचा.

आधी ओरिजिनल. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला फिल्मी पोस्टरांच्या गठ्ठ्यात कधीमधी सरकारी आरोग्य पोस्टर निघतं, पण मागून मिळत नाही, नशिबात असेल तर मिळतं. मला पहिलं दाखवलं ते पिवळं पडलेलं, घड्यांच्या रेघा वगैरे एकदम जुनं, दुकानदाराने भाव सांगितला आठ हजार. घडीवरून बोट फिरवलं तर रेघ दिसतेय पण बोटाला लागत नाही! म्हणजे घडीसकट छापलेली कॉपी. खिशात दहापट भिंग ठेवा खरंच, ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या मशीनवर छापलेलं असेल तर रंगाचे ठिपके बारीक फुलांसारख्या नक्षीत बसलेले दिसतात आणि इंकजेट, म्हणजे आजच्या प्रिंटरवर काढलेलं असेल तर फवारा मारल्यासारखे विस्कटलेले. नक्षी दिसली म्हणजे जुनंच असं नाही, ऑफसेट आजही चालतं, पण फवारा दिसला तर सरळ पुढच्या दुकानात जा. आणि कोणी 1896 च्या मुंबईच्या प्लेगचं रंगीत पोस्टर म्हणून काही दाखवलं तर चहा नंतर प्या, आधी भिंग काढा.

शेवटी दुसऱ्या दुकानदाराकडे देवीच्या रोगाच्या निर्मूलन मोहिमेतलं मिळालं, खरंखुरं जुनं. 1975 मध्ये देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला 1000 रुपये बक्षीस होतं, तेव्हाचं, म्हणजे आपल्याकडच्या देवीचं शेवटचं वर्ष. हातात घेतल्यावर अंगावर काटा येतो राव. पण चित्र म्हणजे फोडांनी भरलेला पोराचा चेहरा, ताईने एकदा बघितलं आणि म्हणाली, इंजेक्शनच्या आधीच रडारड सुरू होईल इथे. बरोबर होतं तिचं. त्यात फ्रेमवाल्याने न विचारता ते हार्डबोर्डला गोंदाने चिकटवलं, जुलैत भिंतीला ओल आली आणि गोंदाच्या वासाला कसर लागली, खालचा कोपरा, जिथे बारीक अक्षरात छपाईचा तपशील होता, नेमका तोच खाल्ला. ओरिजिनल घेणार असाल तर चिकटवणं नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, ॲसिड-फ्री माउंट (कागद पिवळा न पाडणारा पाठीचा पुठ्ठा) आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. हे सगळं करायची तयारी असेल आणि तुम्हाला त्या कागदाचंच वेड असेल तर घ्या, नुसती भिंत सजवायला नको.

आता प्रिंट. इथे चॉइस भरपूर आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारने बेकार चित्रकारांना कामाला लावून पोस्टरं काढून घेतली, 1936 ते 1943, त्यातली 900 च्या वर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि फुकट डाउनलोड होतात. बरीचशी सिल्कस्क्रीनची, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापलेली, मोजके सपाट रंग आणि ठसठशीत अक्षरं, त्यामुळे मोठी केली तरी घाण दिसत नाहीत. मी निवडलं ते न्यूयॉर्कच्या भाड्याच्या चाळी बघणाऱ्या खात्याचं, मतलब असा की आपली जागा स्वच्छ ठेवून वस्तीला मदत करा. लालबागच्या चाळींच्या मधोमध यापेक्षा फिट काय बसणार!

फक्त मोबाईलवर सापडलेली जेपीजी प्रिंटवाल्याला देऊ नका, लायब्ररीच्या साइटवरची मोठी टिफ फाइल घ्या, ए-थ्रीला 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. कागद मॅट सांगा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि बाकड्यावरून काही वाचता येत नाही. आपलीच देवीची पोस्टरं स्कॅन करून प्रिंट काढायचा विचार माझ्याही डोक्यात आला होता, पण सरकारी कामाचा कॉपीराइट आपल्याकडे 60 वर्षं असतो, म्हणजे 1975 चं 2035 संपेपर्यंत अडकलेलं, छापून विकायचा बेत असेल तर सोडाच.

प्रिंटची खरी गोची भाषेची. इंग्रजी पोस्टर बाकड्यावरच्या आजींच्या काय कामाचं, नुसती शोभा. मी खाली चार बोटं पट्टी सोडून मराठीत ओळ टाकून घेतली, पहिल्यांदा प्रिंटवाल्याने फॉन्ट बदलला आणि ‘स्वच्छ’ फुटून ‘स्वच् छ’ झालं, दुसरी प्रिंट माझ्या खर्चाने. त्यामुळे मजकूर पीडीएफ करून, फॉन्ट आत घालूनच द्या.

फ्रेम प्रिंटपेक्षा महाग पडली, त्यावर इलाज नाही. ओरिजिनल आता माझ्याकडे कपाटात आडवं पडलंय, दवाखान्यात प्रिंट लागलीय, आणि समोर काचेऐवजी ॲक्रिलिक, कारण खाली बाकड्यावर उभी राहून पोरं रोज त्यावर टकटक करतात.