गुळ्याचे ताजे अन्न: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या लॅब्राडॉरला, गुळ्याला, गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरी शिजवलेले ताजे अन्न सुरू केले. त्याला या फेब्रुवारीअखेर नऊ महिने होत आहेत. गुळ्या सहा वर्षांचा आहे, त्याची नसबंदी झालेली आहे आणि सुरुवातीला त्याचे वजन ३६ किलो होते, म्हणजे डॉक्टरांच्या मते पाच किलो जास्त. ताजे अन्न चांगले की कोरडे यावर हिरिरीने बोलणारे पुष्कळ भेटतात. किती घालायचे असे विचारले की मात्र बहुतेक जण ‘वजनाच्या दोन ते तीन टक्के’ एवढे सांगून विषय संपवतात. मीही त्यावर विसंबले आणि पहिले सहा आठवडे वाया घालवले, म्हणून हे लिखाण मुख्यतः प्रमाणाविषयी आहे.

३६ किलोचे तीन टक्के म्हणजे १,०८० ग्रॅम. चिकन, भात आणि थोडा लाल भोपळा असे एकत्र शिजवलेले अन्न माझ्या पहिल्या कृतीप्रमाणे १०० ग्रॅमला साधारण १५० कॅलरी देत होते (इथे कॅलरी म्हणजे अर्थातच किलोकॅलरी), म्हणजे रोजच्या १,६०० कॅलरी नुसत्या भांड्यातून जात होत्या. त्याशिवाय दुपारी सासूबाई त्याला दुधात कुस्करलेली एक भाकरी घालत, आणि ती कोणत्याच हिशेबात नव्हती. साठ-पासष्ट ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे २२० कॅलरी, आणि आमच्याकडे दूध म्हैशीचेच येत असल्यामुळे दीडशे मिलीलिटर दुधाच्या आणखी दीडशे. मी वजनकाटा आणला तेव्हा त्या म्हणाल्या, “मुक्या जनावराला कुणी तागडीत तोलून घालतं काय गं?” त्यात आखाड आला, घरात वशाटाचे, म्हणजे मटण-चिकनचे, बेत वाढले, आणि जुलैच्या मध्यावर गुळ्या ३७.४ किलोंवर गेला.

एवढ्या मोठ्या कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहणे माझ्याच्याने होत नाही, म्हणून कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत ओळखीच्या धान्याच्या दुकानातला पोती तोलायचा काटा आम्ही वापरतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी दुकान उघडल्याबरोबर आणि त्याला खायला घालण्याआधी, गुळ्या त्या लोखंडी पत्र्यावर जाऊन बसतो. दुकानातला हमाल आकडा मोठ्याने वाचतो आणि मी तो वहीत लिहिते. काटा, वेळ आणि रिकामे पोट या तिन्ही गोष्टी दर वेळी सारख्या नसतील तर अर्ध्या किलोच्या फरकाला काही अर्थ राहत नाही.

जुलैत वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टक्क्यांचा नियम बाजूला ठेवायला सांगितला आणि जगभरचे पशुवैद्य वापरतात ते सूत्र समजावले. किलोंमधील वजनाचा घन काढायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे, आलेल्या संख्येचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि तिला ७० ने गुणायचे. स्वस्थ पडून असलेल्या शरीराला दिवसभरात लागणाऱ्या कॅलरी मिळतात. साध्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होणारे हे काम आहे. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा साधारण १.६ ने गुणून सुरुवात करतात. वजन उतरवायचे असेल तर मात्र आजचे वजन न घेता जिथे पोचायचे आहे ते वजन घेऊन मूळ आकड्याच्या जवळपास राहतात. गुळ्याचे लक्ष्य ३१ किलो, त्याचा आकडा ९२०. डॉक्टरांनी १,००० वर सुरुवात करून आठवड्याला एकूण वजनाच्या एक टक्क्याहून अधिक उतार होऊ न देण्याची अट घातली. म्हणजे मी जवळपास दुप्पट घालत होते.

टक्क्यांचा नियम लहान कुत्र्याला उलट्या बाजूने फसवतो, हे शेजारच्या पाच किलोच्या पॉमेरेनियनमुळे कळले. सूत्राने त्याला दिवसाला सुमारे ३७५ कॅलरी हव्यात. तीन टक्क्यांनी मिळतात १५० ग्रॅम अन्न, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. त्या घरी कुत्रा बारीक होत चालल्याचा दोष ताज्या अन्नाला दिला जात होता. शरीर जितके लहान, तितकी किलोमागे गरज जास्त, आणि सरसकट टक्के लावले की नेमकी हीच गोष्ट सुटून जाते.

माझी दुसरी चूक अधिक बाळबोध होती. कृतीत ‘१०० ग्रॅम भात’ लिहिलेले असताना मी १०० ग्रॅम तांदूळ मोजून शिजवत असे. तांदूळ शिजून जवळपास तिप्पट होतो, त्यामुळे १३० ऐवजी साडेतीनशे कॅलरी भांड्यात पडत होत्या. चिकनचे गणित याच्या उलट आहे: उकडताना पाणी सुटून ते पाव हिश्शाहून अधिक घटते, त्यामुळे २०० ग्रॅम शिजलेले हवे असेल तर पावणेतीनशे ग्रॅम कच्चे घ्यावे लागते. आता मी सगळे शिजल्यावरच तोलते आणि वहीत तसेच लिहिते. (आजऱ्याचा घनसाळ कुत्र्याला शिजवायचा नाही, हा सासूबाईंचा आदेश मला मान्य आहे. साधा जाडा तांदूळ पुरतो.)

यानंतर श्रावण लागला. आमच्या घरी महिनाभर चिकन शिजत नाही, अंडेही नाही, त्यामुळे गुळ्याला पुन्हा कोरडे खाद्य आणावे लागले. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असे छापलेले होते, म्हणून रोजचे २७८ ग्रॅम, दोन वेळांत विभागून, काट्यावर मोजून. भाकरी-दूधही त्या महिन्यात बंद राहिले. चार आठवड्यांत तो ३७.४ वरून ३६.३ वर आला. प्रामाणिकपणे सांगायचे तर या नऊ महिन्यांतील सर्वांत वेगवान उतार ताज्या अन्नावर आलेला नाही, तर मोजून दिलेल्या कोरड्या खाद्यावर आलेला आहे. तो महिना त्याने भुकेल्या चेहऱ्याने काढला हेही तितकेच खरे. रिकामे भांडे दारापर्यंत ढकलत नेणे, रात्री ओट्यापाशी उभे राहणे, सकाळी फिरायला नेल्यावर रंकाळ्याच्या काठावर भेळेचे कागद हुंगत राहणे असे प्रकार वाढले. लॅब्राडॉरमध्ये हा केवळ लाडावल्याचा परिणाम नसतो: या जातीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्याचा संबंध वाढत्या भुकेशी व वजनाशी आहे, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनात दिसले.

म्हणून गणपती झाल्यावर आम्ही अर्धे-अर्धे केले आणि तेच आजवर चालू आहे. कोरडे खाद्य १४० ग्रॅम, म्हणजे ५०० कॅलरी. ताज्या भागात उकडलेले बिनकातडीचे छातीचे चिकन २०० ग्रॅम (३३०), भात ८० ग्रॅम (१०४), लाल भोपळा आणि श्रावणघेवडा मिळून १५० ग्रॅम (सुमारे ३५) आणि कोंबडीची कलेजी २० ग्रॅम (३३). हेही ५०० झाले, पण वजन ४५० ग्रॅम. एका वाटीत मावणाऱ्या कोरड्या खाद्याइतक्याच कॅलरींसाठी ताज्या अन्नाने भांडे भरते, कारण त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि कोरड्यात दहा टक्क्यांच्या घरात. गुळ्याला खायला वेळ लागतो, नंतर तो शांत पडून राहतो, आणि माझ्या मते ताज्या अन्नाचा खरा लाभ हाच आहे. विष्ठेचे प्रमाण कमी झाले, तो पाणी पूर्वीपेक्षा कमी पितो, केसांना चकाकी आली असे घरातले म्हणतात. चकाकी मोजता येत नसल्यामुळे तिच्याबद्दल मी ठामपणे काही लिहीत नाही. कलेजीबाबत हात राखून राहावे. कुत्र्याला ती फार आवडते, पण अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

सगळेच अन्न ताजे का देत नाही, असे मला विचारतात. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. माझी जूनमधली कृती त्याच पंगतीतली होती. प्रौढ कुत्र्याला १,००० कॅलरींच्या अन्नामागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागते. २०० ग्रॅम चिकनमधून मिळते अवघे ३० मिलिग्रॅम, आणि फॉस्फरस मात्र त्याच्या पंधरापट. अंड्याच्या कवचाची पूड घातली की काम झाले असे मलाही वाटत होते, पण तिने केवळ कॅल्शियम भरून निघते. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांचे काय? अर्धे अन्न तयार संतुलित खाद्याचे असूनही उरलेल्या अर्ध्यासाठी डॉक्टरांनी खनिजे व जीवनसत्त्वांची पूड मोजून दिली आहे. दिवसाच्या कॅलरींपैकी दहाव्या हिश्श्यापर्यंत वरचे काही दिले तर सहसा बिघडत नाही; त्यापलीकडे गेल्यावर ताटातला प्रत्येक घटक तपासावा लागतो.

आकडा बरोबर आहे की नाही हे शेवटी हाताला कळते. डॉक्टरांनी दाखवलेली युक्ती अशी: आपला पंजा उघडा धरून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून दुसरा हात फिरवावा, कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर गाठी जशा टोचतात तशा लागल्या तर तो वाळलेला, आणि तळहातासारखे मऊ लागून हाडे शोधावी लागली तर सुटलेला. जुलैत मला गुळ्याच्या बरगड्या दाबूनही सापडत नव्हत्या. डिसेंबरमध्ये त्याला आंघोळ घालताना, ओल्या केसांखालून, त्या पहिल्यांदा एकामागून एक बोटांना लागल्या. वरून पाहिले तर फासळ्यांच्या मागे आता किंचित कंबरही दिसते.

कोल्हापुरी घरात कुत्र्याचे अन्न वेगळे शिजवण्याला पर्याय नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा प्रश्नच नको, पण ‘अळणी तर आहे, चार चमचे घाल’ असे सांगणारे पाहुणे दर रविवारी भेटतात. नावात अळणी असले तरी आमच्या अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्यात, मीठही असते आणि आले-लसूणही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. शिजलेले हाड तडकून आतड्यात रुतू शकते. दिवाळीत बेदाण्याचे डबे मी वरच्या फळीवर ठेवले, कारण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. तरीही त्या आठवड्यात पाहुण्यांच्या हातून पडलेल्या चकल्या-करंज्यांनी त्याचे वजन ६०० ग्रॅमने वाढले आणि ते उतरायला महिना लागला.

गैरसोयी लहान नाहीत. मी रविवारी आणि बुधवारी शिजवते, तीन दिवसांचे फ्रीजमध्ये ठेवते आणि एक दिवसाचे गोठवते. पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज नव्हती आणि गोठवलेले डबे सकाळी कोमट पाण्यासारखे झाले होते; ते फेकताना जीव तुटला, पण फेकले. ताज्या भागाचा खर्च दरमहा अडीच ते तीन हजार रुपये येतो, कोरड्या खाद्याचा वेगळा. मध्यंतरी घरपोच मिळणारी शिजवलेल्या अन्नाची पाकिटेही महिनाभर घेऊन पाहिली. अन्न चांगले होते, गुळ्याने ते आवडीने खाल्ले, परंतु पाकिटावर ‘वजनाच्या २ ते ४ टक्के’ एवढेच छापलेले होते. १०० ग्रॅमला किती कॅलरी, असे दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, म्हणून बंद केले. ३६ किलोच्या कुत्र्यासाठी दोन आणि चार टक्क्यांमध्ये ७२० ग्रॅमचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकात एक कुत्रा रोडावेल व दुसरा फुगेल.

कमी घालताना माझ्याही मनाला लागत असे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासाने ती टोचणी बरीच कमी केली. त्यात ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, दुसऱ्यांचे ११.२. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी भाकरी पूर्ण बंद करण्यास नकार दिला, मात्र चतकोरावर तडजोड झाली. चतकोर भाकरीच्या ५५ कॅलरी होतात, म्हणून त्या दिवशी मी ४० ग्रॅम भात कमी करते. दूध बंद आहे.

काल काट्यावर ३२.१ किलो भरले. अजून एक किलो उतरायचा आहे. त्यानंतर डॉक्टर हाच आकडा दर पंधरवड्याला ५० कॅलरींनी वाढवत वजन कुठे स्थिरावते ते पाहणार आहेत. मार्चपासून ऊन वाढले की आमची रंकाळ्यावरची फेरी निम्मी होईल, तेवढ्यासाठी भात ८० वरून ५० ग्रॅमवर आणून त्या जागी दुधी घालायचे ठरवले आहे. तो खाईल की नाही ते माहीत नाही. गेल्या आठवड्यात त्याने चिकन वेचून खाल्ले आणि दुधीच्या सगळ्या फोडी भांड्याबाहेर ओळीने मांडून ठेवल्या होत्या.