गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, दोन वर्षं केंद्रभर वापरून

गुगल वर्कस्पेस म्हणजे शीट, डॉक्स, फॉर्म, ड्राइव्ह, क्लासरूम ही गुगलची साधनं शाळांसाठी एकत्र. आमचं केंद्र, म्हणजे जवळच्या शाळांचा गट, कोकणातलं, १२ जिल्हा परिषद शाळा, त्यातल्या ७ द्विशिक्षकी. आधी काम कसं चालायचं ते कुठल्याही गुरुजींना वेगळं सांगायला नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्सेल पडायची, खाली "माहिती दुपारी २ पर्यंत", मग १२ शाळा १२ फाइली भरून परत टाकणार, कोणी कागदावर लिहून त्याचा फोटो टाकणार, आणि केंद्रप्रमुख साहेब रात्री जेवण झाल्यावर बसून सगळ्याचं कॉपी पेस्ट करणार. पट, गणवेश, पाठ्यपुस्तकं, पोषण आहाराचा तांदूळ, तीच शाळा तीच मुलं आणि दर आठवड्याला नवी फाइल. ह्यात वर्गावरचा वेळ जायचा, मला त्याचाच त्रास व्हायचा.

आता सगळ्यांची मिळून ऑनलाइन एकच गुगल शीट आहे. १२ ओळी, पहिल्या रकान्यात यू-डायस कोड, म्हणजे शाळेचा ११ अंकी सरकारी ओळख क्रमांक, पुढे माहिती. ज्याने त्याने आपली ओळ भरायची. साहेबांना कोणाला फोन करावा लागत नाही, कोणती ओळ रिकामी ते समोर दिसतं.

पैशाचं सांगतो कारण पहिला प्रश्न तोच असतो. मान्यताप्राप्त शाळांसाठी वर्कस्पेसचा फंडामेंटल्स नावाचा प्लॅन फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःच्या नावाचं पत्ता-नाव, लागतं आणि अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. डोमेनचा वर्षाचा खर्च आम्ही शाळांनी वाटून घेतला. पूर्वी फाइली साठवायची जागा अमर्याद होती पण २०२२ पासून पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी, आमच्यासारख्यांना ती जन्मात भरायची नाही. सगळं उभं करायला मात्र कॉम्प्युटरचं कळणारा एक माणूस हवाच, आमच्याकडे एका तरुण सरांनी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून केलं, त्यांचे उपकार आहेत.

आता एक घोळ सांगतो, तो तुमच्याकडेही होणारच. पहिल्याच महिन्यात एक गुरुजी फोनवरून शाळांची नावं अकारविल्हे लावायला गेले आणि फक्त नावाचाच रकाना सॉर्ट झाला. नावं हलली, आकडे जागेवर. डोंगरावरच्या १४ पटाच्या शाळेसमोर ६१ दिसायला लागले तेव्हा त्या बाईंनी घाबरून फोन केला. व्हर्जन हिस्टरी उघडली, त्यात कोणी किती वाजता काय बदललं सगळं असतं, सकाळी ११:४० ची प्रत परत आणली आणि पाच मिनिटांत सगळं जागेवर. त्यानंतर ज्यांनी भरलं होतं ते तेवढं पुन्हा भरावं लागलं. त्या दिवसापासून नावं आणि कोडचे रकाने लॉक केलेत आणि प्रत्येक शाळेला फक्त स्वतःच्या ओळीची परवानगी दिलीय. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा.

नेटवर्क ही खरी अडचण. ह्याच बाईंच्या गावात रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, पावसाळ्यात तीही नाही. शीट फोनवर ऑफलाइन ठेवता येते हे त्यांना दाखवलं. आता त्या शाळेतच भरतात आणि संध्याकाळी घरी जाताना एसटी खाली नाक्यावर आली, रेंज मिळाली की माहिती आपोआप वर जाते, आम्हाला इथे त्यांची ओळ भरलेली दिसते. गुगल फॉर्म मात्र ऑफलाइन चालत नाहीत, म्हणून लांबच्या शाळांना फॉर्म पाठवायचं बंद केलं.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली चिकटवल्या की नुसती अगम्य अक्षरं येतात, ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या मराठीत, बदलूनच घ्यावं लागतं. पण एकदा युनिकोडवर आलात की सुख आहे, डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप होतं, आमच्या निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी शिक्षण परिषदेचं, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीचं, अख्खं इतिवृत्त बोलून लिहिलं आणि स्वतःच सगळ्यांना दाखवत फिरले.

मुलांना ऑनलाइन अभ्यास द्यायचं गुगल क्लासरूम सातवीला लावून बघितलं, घरोघरी फोन नाहीत, असला तर बापाबरोबर कामावर जातो. त्यासाठी घेऊ नका.

तालुकाभर एकच शीट करायचा विचार असेल तर एका वेळी १०० जणांनाच लिहिता येतं हे ध्यानात ठेवा, केंद्रवार वेगळ्या करा. आणि हात जोडून विनंती, मुलांचे आधार नंबर अशा शीटमध्ये टाकू नका आणि "लिंक असेल त्याला उघडेल" हे सेटिंग बंद ठेवा, लिंक कुठल्या ग्रुपवर जाईल काही सांगता येत नाही, लेकरं आपल्या भरवशावर आहेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते शेअर्ड ड्राइव्ह, म्हणजे सगळ्यांचं मिळून ऑनलाइन कपाट. त्यातल्या फाइली माणसाच्या नावावर नसतात, केंद्राच्या असतात. आपल्याकडे बदली झाली की गुरुजींबरोबर त्यांच्या फोनमधलं, पेनड्राइव्हमधलं सगळं जायचं आणि नवीन माणूस शून्यापासून सुरू करायचा. यंदा आमच्या एका शाळेत दोन्ही शिक्षक नवीन आले. पहिल्या दिवशी त्यांनी फोल्डर उघडलं, दोन वर्षांचा पट, कुठल्या मुलाला वाचायला अजून अडतं, कोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि कधी परततात, सगळं तिथे होतं. दुपारी ते त्यातल्या एका पोराच्या घरी जाऊन आले.