स्कॅनचा सेन्सर घ्यावा की आपोआप आकडा पाठवणारा?

दंडाला लावायचा शुगरचा सेन्सर घ्यायचं नक्की झालं की पुढचा पेच उभा राहतो. मोबाईल टेकवून स्कॅन करायचा घ्यावा, की ब्लूटूथवरून आपोआप आकडा पाठवणारा? 2014 साली युरोपात ॲबट कंपनीचा लिब्रे हा स्कॅनचा सेन्सर आला तेव्हा स्कॅनचंच अप्रूप होतं. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सेन्सरलाही मंजुरी मिळाली. बाजार वाढतोय, तसा ग्राहकाचा गोंधळही.

मोजण्याची रीत दोन्हींची एकच. रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या द्रवातली साखर. त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो आणि पहिला दिवस थोडा बेभरवशाचा जातो. यावरून निवड ठरत नाही.

माझ्या मते ती ठरते रात्रीच्या एका कोऱ्या तासावर. जुन्या पद्धतीच्या स्कॅन-सेन्सरमध्ये शेवटच्या आठ तासांचाच डेटा राहतो. सोलापुरात बऱ्याच घरी जेवण साडेनऊला होतं. दहाला स्कॅन करून झोपलात आणि सकाळी सातला पुढचं स्कॅन केलंत, तर मध्ये नऊ तास गेले. सेन्सरकडे अकरापासूनचंच शिल्लक असतं. दहा ते अकरा गायब, आणि जेवणानंतरचा चढ बहुधा त्याच तासात असतो. चौदा दिवसांच्या रिपोर्टला किमान 70 टक्के डेटा लागतो. तो भरतोच, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण रोज तोच चढ गळाल्यामुळे साखर 70 ते 180 (मिलिग्रॅम/डीएल) मध्ये राहिलेल्या वेळाची टक्केवारी असते त्यापेक्षा चांगली दिसते, आणि गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो. हे मला फार खटकतं. चादरीच्या कारखान्यात पाळीला जाताना मोबाईल आठ तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवावा लागत असेल, तर असे खड्डे दिवसाही पडतात. रात्री लघवीला उठल्यावर न चुकता स्कॅन होणार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय स्कॅनला मोबाईलमध्ये एनएफसी, म्हणजे फोन टेकवून माहिती वाचायची सोय, लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं, मग रीडर वेगळा घ्यावा लागतो.

आपोआप पाठवणाऱ्यालाही कटकट आहेच. फोन मॉडेलप्रमाणे सहा ते दहा मीटरच्या पलीकडे किंवा दोन भिंतींआड गेला की संपर्क तुटतो आणि तेवढा वेळ साखर फार घसरल्याचा किंवा चढल्याचा अलार्म वाजत नाही. जवळ आल्यावर मागचा डेटा भरून निघतो, किती तासांचा ते मॉडेलवर असतं. खरा घोळ अँड्रॉइड फोनचा बॅटरी सेव्हर करतो. तो ॲप मागच्या मागे बंद पाडतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीवरचं बंधन काढा, नोटिफिकेशन चालू ठेवा, डू नॉट डिस्टर्बमध्ये ॲपला सूट द्या. पाच मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळेच ‘अलार्म वाजलाच नाही’ अशी तक्रार येते. आणि सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपून दंड दाबला गेला तर मध्यरात्री खोटा लो, म्हणजे साखर घसरल्याचा आकडा, दाखवतो. कूस बदला, बोटाला टोचून खात्री करा. घाम, थरथर असेल तर मात्र थांबू नका, साखर घ्या.

मे महिन्यातला इथला उकाडा दोन्हींना सारखाच छळतो. घामाने चिकटपट्टीची कड सुटते आणि ब्लाउजच्या घट्ट बाहीत अडकून सेन्सर उपटून येतो. लावण्याआधी दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धुवा. तेल, क्रीम नको. स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या. ओल राहिली तर पट्टी दोन दिवसांतच सैल होते. नवं खोकं गाडीच्या डिक्कीत तापत ठेवू नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जास्त घेत असाल तर काही सेन्सर साखर खोटी वाढवून दाखवतात. माहितीपत्रकात 500 मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे का पाहा.

नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल आणि हुरड्याने किती चढते, कडक भाकरीने किती, एवढंच पाहायचं असेल, तर तीन महिन्यांतून एखादा स्कॅनचा सेन्सर पुरावा. फक्त झोपण्याचं स्कॅन अकराच्या पुढे ढकला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी) चालू असेल, त्यातून माणूस घरात एकटा झोपत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी मी आपोआप पाठवणाराच घ्या म्हणेन. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप घरात हव्यातच. आणि खोकं फोडण्याआधी आपला फोन त्या ॲपच्या यादीत आहे का ते दुकानातच तपासा. सील तुटल्यावर परत घेतीलच असं नाही.